पडद्यावरचे हेर कसे बदलत गेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेरपट आणि हेरमालिका हा माझा फार जुना नाद. त्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ओघात काही कथांचे शेवटही सांगितले गेले आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील, त्यांनी नाव दिसताच पुढच्या प्रश्नावर जावं.

थोडक्यात सांगा, नेमकं काय बदललं?

हत्यारं बदलली, गाड्या बदलल्या, शत्रुदेश बदलले. हे सगळं वरवरचं आहे. खरा बदल झाला तो हेराच्या घरात. कोणताही हेरपट पाहताना मी एक गोष्ट आवर्जून शोधतो: हा माणूस रात्री कुठे परततो, आणि तिथे त्याची वाट कोण पाहत असतं? सुरुवातीच्या हेराला घरच नव्हतं. हॉटेलची खोली, आगगाडीचा डबा, परक्याचा दिवाणखाना, एवढ्यातच त्याचं आयुष्य जायचं. मधल्या काळात त्याला घर मिळालं, पण रिकामं किंवा मोडलेलं. आजच्या हेराच्या घरात जोडीदार आहे, मुलं आहेत, आणि त्या सगळ्यांशी तो रोज खोटं बोलतो. पुढची बरीचशी उत्तरं याच धाग्यात ओवलेली आहेत.

हेरपटांची सुरुवात बाँडपासून झाली का?

नाही. फ्रित्स लांग या दिग्दर्शकाचा 'श्पियोने' हा जर्मन मूकपट १९२८ चा आहे. 'श्पियोने' म्हणजे हेर. यातला सरकारी हेर फक्त ३२६ या क्रमांकाने ओळखला जातो. भणंगाचा वेष घालून तो समोर येतो, प्रत्यक्षात मात्र आलिशान हॉटेलात राहत असतो. त्याच्यासमोर आहे हागी: बँकेचा प्रमुख म्हणून मिरवणारा आणि चाकांच्या खुर्चीत बसून साऱ्या कारस्थानाची सूत्रं हलवणारा. शत्रूकडची सुंदर हेर नायकाच्या प्रेमात पडते, मध्येच आगगाडीचा भीषण अपघात होतो, आणि शेवटी विदूषकाच्या वेषातला हागी भर रंगमंचावर स्वतःवर गोळी झाडून घेतो. पहिल्या बाँडपटाला अजून ३४ वर्षं होती, पण क्रमांक, वेषांतर, मोहिनी आणि खुर्चीतला सूत्रधार हे सगळे तेव्हाच मांडून झाले होते.

जुन्या चित्रपटांतली हेर स्त्री कायम मोहिनीच का असते?

मुख्य कारण माता हारी. ही डच नर्तकी. फ्रान्सने हेरगिरीच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १९१७ रोजी तिला गोळ्या घातल्या. तिने जर्मनीला खरोखर मोलाचं काही पुरवलं होतं का, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. चित्रपटाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. १९३१ मध्ये ग्रेटा गार्बो माता हारी झाली आणि त्याच वर्षी मार्लेन डीट्रिशही 'डिसऑनर्ड'मध्ये हेर झाली. दोघी सुंदर, दोघी प्रेमात पडतात, दोघींना मृत्युदंड. पुरुष हेराचं प्रेम म्हणजे विरंगुळा आणि बाईचं प्रेम म्हणजे अपराध, असा हा हिशेब होता, आणि तो पुढे अनेक दशकं चालला.

या चौकटीला पहिला मोठा तडा गेला तो माझ्या मते १९४६ च्या 'नटोरियस'मध्ये. इन्ग्रिड बर्गमनची ॲलिशिया ही एका शिक्षा झालेल्या नाझी हेराची मुलगी. अमेरिकन यंत्रणा तिला रिओमध्ये नाझींच्या गोटात शिरायला लावते, आणि मोहिमेसाठी ती त्यातल्याच एकाशी लग्न करते. तिला या कामात ओढणारा डेव्हलिन तिच्यावर प्रेम करत असतो, आणि तरी गप्प राहतो. नवऱ्याला संशय आल्यावर तो आणि त्याची आई तिला कॉफीतून थोडं थोडं विष देऊ लागतात. दारूच्या बाटल्यांत लपवलेलं युरेनियम हे कथेचं निमित्त. प्रेक्षक बघत राहतो ते त्या घरातली बाई आणि तिच्या हातातला कप.

हिचकॉकच्या चित्रपटांत हेरांपेक्षा साधी माणसंच का अडकतात?

कारण हिचकॉक या दिग्दर्शकाला रस होता तो भीतीत. 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९३५) मधला हॅने हा योगायोगाने सापडलेला माणूस. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये तर कॅप्लन नावाचा हेर अस्तित्वातच नाही. आपल्या खऱ्या हेरावर संशय जाऊ नये म्हणून सरकारी खात्याने तो कागदावर रचलेला आहे, आणि जाहिरात क्षेत्रातला एक निरपराध माणूस त्याच्या जागी सापडतो. खात्यातली मंडळी टेबलाभोवती बसून शांतपणे ठरवतात की त्या माणसासाठी आपण काहीही करायचं नाही. ते दृश्य मला विमानाच्या प्रसिद्ध पाठलागापेक्षा जास्त भयंकर वाटतं. यंत्रणेला माणसाची किंमत नसते ही पुढच्या दोन दशकांची कथा त्या टेबलाशीच सुरू झाली.

मग बाँडने नवीन काय आणलं?

मौज. आधी एक कमी माहीत असलेली गोष्ट: पडद्यावरचा पहिला बाँड शॉन कॉनरी नव्हता. १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'कॅसिनो रॉयाल' सादर झालं, त्यात बॅरी नेल्सन बाँड होता. तो अमेरिकन होता आणि लोक त्याला जिमी म्हणत. ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. १९६२ च्या 'डॉक्टर नो'ने मात्र चित्र पालटलं. हेराचं काम म्हणजे लपणं. हा माणूस तर जाईल तिथे स्वतःचं खरं नाव सांगतो, उंची कपडे घालतो, जगभर विमानाने फिरतो. दूरदेशीचा प्रवास बहुतेकांना परवडत नव्हता त्या काळात हा प्रवास तिकिटाच्या पैशात घडत होता.

मुख्य मालिकेत १९६२ ते २०२१ या काळात २५ चित्रपट आले आणि सहा नट बाँड झाले. बाँडचं घर त्यात क्वचितच दिसतं. १९६९ च्या चित्रपटात तो लग्न करतो आणि काही तासांतच त्याच्या बायकोला गोळी लागते. घर मांडू पाहणाऱ्या बाँडला पटकथेने दिलेली ही शिक्षाच म्हणायची. त्यानंतर थेट २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'मध्ये त्याला मुलगी आहे असं कळतं, आणि त्याच चित्रपटात तो मरतो. पन्नासहून अधिक वर्षांनी त्याला माणसं मिळाली, तीही जेमतेम काही प्रसंगांपुरती.

बाँडच्या भरभराटीच्या काळात त्याच्या अगदी उलट हेर कसे चालले?

१९६५ हे वर्ष पाहा. 'थंडरबॉल' त्याच वर्षीचा, 'द इप्क्रेस फाइल'ही त्याच वर्षीचा. गंमत म्हणजे दोन्हींमागे हॅरी सॉल्ट्झमन हा एकच निर्माता होता आणि दोन्हींचं संगीत जॉन बॅरीचं. 'इप्क्रेस'मधला हॅरी पामर, म्हणजे मायकेल केन, चष्मा लावतो, सुपरमार्केटात ढकलगाडी घेऊन सामान निवडतो, स्वतः स्वयंपाक करतो आणि पगारवाढीची चौकशी करतो. अंडी फोडणारा हेर पाहून मला आजही बरं वाटतं. या माणसाला भूक लागते, त्याला सकाळी उठून कामावर जायचं असतं, हे तिथे प्रथमच ठसठशीतपणे दिसलं.

त्याच वर्षीचा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' तर आणखी खोल जातो. मूळ कादंबरी जॉन ल कारे या लेखकाची, आणि तो स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यांत काम केलेला माणूस. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये उभी राहिली आणि कादंबरी आली १९६३ मध्ये. रिचर्ड बर्टनचा लीमास फितूर झाल्याचं नाटक करत पूर्व जर्मनीत जातो. तिथल्या एका क्रूर अधिकाऱ्याला संपवायचं, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात तो अधिकारी ब्रिटिशांचाच माणूस असतो, आणि लीमासला पाठवलेलं असतं ते त्याला वाचवण्यासाठी. लीमासचं जिच्यावर प्रेम आहे त्या मुलीचाही या डावात वापर होतो. शेवटी त्याला भिंत ओलांडून सुटता येत असतं. तो तिच्याकडे परत खाली उतरतो. मला विचाराल तर हेरपटांमधला हा सर्वांत प्रामाणिक शेवट.

टीव्हीवरचे हेर चित्रपटांपेक्षा वेगळे होते का?

साठच्या दशकात फारसे नाही. बाँडच्या लाटेवर तेही स्वार झाले. पण टीव्हीने काही धाडसं केली. 'द मॅन फ्रॉम अंकल' १९६४ मध्ये सुरू झाली, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचानंतर अवघ्या दोन वर्षांनी, आणि तिच्यात अमेरिकन नायकाचा जोडीदार सोव्हिएत होता. इल्या कुर्याकिन प्रेक्षकांचा लाडका झाला. 'मिशन इम्पॉसिबल' (१९६६) मधल्या चमूच्या खासगी आयुष्याबद्दल मात्र जवळजवळ काहीच कळत नाही. मुखवटे चढवायचे, काम उरकायचं, निघायचं. 'द प्रिझनर'मध्ये (१९६७-६८, १७ भाग) राजीनामा दिलेल्या हेराला एका गावात डांबून ठेवतात आणि नावाऐवजी क्रमांक देतात. लांगच्या चित्रपटात क्रमांक हा हेराचा मान होता, इथे तो बेडी झाला.

टीव्हीची खरी ताकद कळली ती १९७९ मध्ये. बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका, आणि ॲलेक गिनेसचा जॉर्ज स्मायली. चेहरा निवृत्त कारकुनाचा. चष्मा टायने पुसत तो ऐकत राहतो. वरिष्ठांमध्ये कुणीतरी सोव्हिएतांना फितूर आहे आणि तो शोधायचा आहे. या कथेमागे किम फिल्बीची सावली आहे. ब्रिटिश गुप्तचर खात्यात वरच्या पदापर्यंत पोचलेला हा सोव्हिएत हेर १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला होता. मराठीत 'घरभेदी' हा जो शब्द आहे, तो या मालिकेला दोन्ही अंगांनी लागू पडतो. तो फितूर खातं पोखरतो आणि स्मायलीचा संसारही. त्याने स्मायलीच्या बायकोशी संबंध ठेवलेले असतात, तेही मॉस्कोच्या सांगण्यावरून, म्हणजे उद्या स्मायलीने त्याच्यावर बोट ठेवलं तर लोक म्हणतील, हा तर मत्सरी नवरा. सात भागांचा निवांतपणा होता म्हणूनच ही जखम इतकी सावकाश उलगडता आली.

सोव्हिएत बाजूने असे हेर रंगवले गेले का?

हो, आणि त्यातला एक तर तिथे दंतकथा झाला. तत्याना लिओझ्नोवा या दिग्दर्शिकेची 'वसंताचे सतरा क्षण' ही बारा भागांची मालिका १९७३ मध्ये आली. १९४५ चं बर्लिन, युद्ध संपत आलेलं, आणि नाझी अधिकारी श्टिर्लिट्झ प्रत्यक्षात सोव्हिएत हेर आहे. मारामारी नावापुरती. बहुतेक वेळ तो विचार करत असतो, आणि नट व्याचेस्लाव तिखोनोव्ह तो विचार चेहऱ्यावर दिसू देतो.

यातल्या एका दृश्यासाठी मी ही मालिका कुणालाही पाहायला सांगेन. श्टिर्लिट्झची बायको मायदेशी आहे. वर्षानुवर्षं भेट नाही. एकदा तिला गुप्तपणे एका कॅफेत आणतात. ती एका टेबलाशी, तो दुसऱ्या. बोलायचं नाही, जवळ जायचं नाही. कित्येक मिनिटं दोघं फक्त एकमेकांकडे पाहतात, मागे मिकाएल तारिव्हर्दिएव्हचं संगीत. मग तिला घेऊन जातात. हेराचं घर म्हणजे काय, हे यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितलेलं मला माहीत नाही, कारण इथे शब्दच नाहीत.

सत्तरच्या दशकात स्वतःची संस्थाच खलनायक का झाली?

बातम्यांमुळे. वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना १९७४ मध्ये पायउतार व्हावं लागलं. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने गुप्तचर खात्यांच्या गैरकृत्यांची चौकशी केली. त्याच वर्षीच्या 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर'मध्ये रॉबर्ट रेडफोर्डचा टर्नर सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेसाठी पुस्तकं वाचायचं काम करतो. तो सगळ्यांसाठी जेवण आणायला जातो, आणि परत येतो तर कचेरीतले सगळे मेलेले. मारेकरी पाठवणारे बाहेरचे नव्हते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण त्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक हेरपटाला शोभते.

भिंत पडल्यावर, सोव्हिएत संघ संपल्यावर, हेरांचं काय झालं?

काही काळ ते गोंधळले. १९८९ नंतर बाँड सहा वर्षं पडद्यावर आलाच नाही. त्यात हक्कांच्या वादाचाही भाग होता. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये तो परतला तेव्हा नवी वरिष्ठ म्हणून जुडी डेंच समोर बसली होती, आणि तिने त्याला शीतयुद्धाचा अवशेष असल्याचं तोंडावर सुनावलं. खऱ्या आयुष्यात ब्रिटनच्या एमआय फाइव्ह या गुप्तचर खात्यावर १९९२ मध्येच स्टेला रिमिंग्टन ही पहिली स्त्री प्रमुख आली होती. 'गोल्डनआय'चा खलनायक बाँडचा जुना सहकारी ००६. पुढच्याच वर्षीच्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये तर टीव्हीवरचा नायक जिम फेल्प्स यालाच फितूर ठरवलं. शत्रू उरला नाही तेव्हा लेखकांनी तो शेजारच्या खुर्चीत शोधला.

२००१ च्या हल्ल्यांनी हेर बदलले का?

बदलले, पण लगेच आणि सरळ रेषेत नाही. '२४' ही मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली, पण तिची जुळवाजुळव हल्ल्यांच्या आधीच झाली होती. जॅक बाउअर घड्याळाशी झुंजतो आणि माहितीसाठी संशयितांचा छळ करतो, आणि मालिकेत त्या छळातून बहुधा खरी माहिती मिळते. या चित्रणाचा जवानांवर परिणाम होतोय, या काळजीने वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन २००६ मध्ये मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले होते. मला ही मालिका पकड घेणारी वाटते, आणि तिच्यातली ही गोष्ट अक्षम्य वाटते.

त्याच सुमारास 'द बोर्न आयडेंटिटी' (२००२) आला. बोर्नला स्वतःचं नावच आठवत नाही. ज्यांनी घडवलं तेच त्याला मारायला निघालेत. हातातलं पेन हेच त्याचं शस्त्र. २००६ मधला डॅनियल क्रेगचा घायाळ, रक्ताळलेला बाँड बोर्नशिवाय झाला असता असं मला वाटत नाही.

हेरगिरीची उपकरणं कुठे गेली?

आपल्या सगळ्यांच्या खिशात. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधली आसन हवेत फेकणारी अ‍ॅस्टन मार्टिन चमत्कार होती. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) उपकरणं पुरवणारा तरुण क्यू बाँडला एक पिस्तूल आणि ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र देतो, बस्स.

पाळत ठेवणाऱ्याच्या बाजूने कुणी पाहिलंय का?

'द लाइव्हज ऑफ अदर्स' (२००६) जरूर पाहा. १९८४ चं पूर्व बर्लिन. श्टासी या गुप्त पोलिस खात्याचा अधिकारी वीस्लर एका नाटककाराच्या घरावरच्या माळ्यात बसून कानाला यंत्र लावतो. १९८९ मध्ये या खात्याचे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते, त्यांतलाच हा एक. त्याचं स्वतःचं घर थंड, ओकंबोकं. खालच्या घरात पुस्तकं, संगीत, भांडणं, प्रेम. ऐकता ऐकता तो त्या घराचा होऊन जातो आणि अहवालात खोटं लिहायला लागतो, त्यांना वाचवण्यासाठी.

हेर कुटुंबवाला कधी झाला?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत, आणि मुख्यतः टीव्हीवर. २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. त्यांतले काही साध्या वस्त्यांत मुलाबाळांसह राहत होते. त्यातून 'द अमेरिकन्स' (२०१३-१८) सुचली. तिचा कर्ता जो वाइसबर्ग हा सीआयएमध्ये काम केलेला. फिलिप आणि एलिझाबेथ यांचं लग्न केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने लावून दिलेलं आहे. प्रवासकंपनी चालवतात, समोरच एफबीआय या अमेरिकन तपास संस्थेचा माणूस राहतो, आणि मुलांना काही माहीत नाही. लग्नातलं खोटं आणि कामातलं खोटं यांची सरमिसळ इतकी होते की दोघांत खरं प्रेम जडतं तेव्हा तेच त्यांना सर्वांत धोक्याचं वाटतं. शेवटच्या भागात पळून जाताना आईवडील गाडीच्या खिडकीतून बघतात तर मुलगी फलाटावर उभी. ती उतरलेली असते.

फ्रेंच 'ल ब्युरो दे लेजांद' (२०१५-२०) मधला अधिकारी दमास्कसमध्ये सहा वर्षं बनावट नावाने राहून परततो, पण ती बतावणी त्याला उतरवता येत नाही, कारण त्या नावानेच त्याने प्रेम केलेलं असतं. हिंदीतल्या 'द फॅमिली मॅन' (२०१९) मधला श्रीकांत तिवारी घरी साधा सरकारी नोकर म्हणून वावरतो आणि दहशतवाद्यांच्या मागावर असतानाच बायकोचे नि मुलांचे फोन घेतो.

आणि हेर स्त्रिया?

'होमलँड'मधली (२०११-२०) कॅरी आपला मानसिक आजार खात्यापासून लपवते; तिचं शस्त्र सौंदर्य नसून तिची न थांबणारी बुद्धी आहे. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती 'नटोरियस' आणि मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८) यांची जोडी. मध्ये ७२ वर्षं. दोन्हींत तरुण मुलगी मोहिमेसाठी शत्रूच्या घरात सून म्हणून जाते. 'नटोरियस'चा नवरा नाझी असल्याने आपल्याला बाजू घेणं सोपं जातं. 'राझी'मधला इक्बाल भला, समजूतदार, तिला गाणं ऐकवणारा. १९७१ च्या युद्धात सेहमत आपलं काम पुरं करते आणि तिच्यासाठी पाठवलेल्या मरणात तो सापडतो. ती परत येते ती कुणाच्याच विजयाचा आनंद न घेता.

खऱ्या हेरांच्या जवळ जाणारं काम कुणाचं?

एक शब्द आधी नीट करू. गुप्तचर खात्यात 'एजंट' म्हणजे पगारी अधिकारी नव्हे. परदेशातला जो माणूस आपल्या देशाची गुपितं देतो तो एजंट. त्याला हेरणारा, सांभाळणारा तो अधिकारी. म्हणजे बाँड हा खरं तर अधिकारी. या कामातला मोठा भाग म्हणजे कुणाचा तरी विश्वास मिळवणं आणि नंतर अहवाल लिहिणं. स्मायली, 'ल ब्युरो' आणि 'द अमेरिकन्स' यांत हे नातं दिसतं, आणि ते मोडताना काय होतं तेही.

मी सुरुवात कुठून करू?

'नटोरियस'पासून. मग 'गोल्डफिंगर' आणि लगेच 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड', म्हणजे एकाच काळाची दोन तोंडं दिसतील. नंतर १९७९ ची 'टिंकर टेलर', एका वेळी एकच भाग. पहिल्या भागात बरंच कळणार नाही, तिसऱ्यापर्यंत थांबा. 'वसंताचे सतरा क्षण'मधलं कॅफेतलं दृश्य तिसऱ्या भागात येतं. तेवढंच पाहायचं असेल तरी आधीचे दोन भाग पाहून मगच त्या टेबलाशी बसा.